लहान मुलांचे नखुरडे: घरी काय करावे आणि दवाखाना कधी गाठावा

नखाच्या तीन बाजूंना कातडीची जी बारीक कड असते, ती नखाला घट्ट चिकटलेली असल्यामुळेच पाणी, माती आणि जंतू आत शिरू शकत नाहीत. हा जोड कुठे उकलला, म्हणजे एखादे सालपट ओढले गेले, नख फार खोल कापले गेले किंवा दिवसभर तोंडात राहून बोट पांढरटफिके आणि मऊ पडले, की कातडीवर आणि नाकात एरवी गुपचूप राहणारे स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जंतू किंवा तोंडातले जंतू त्या फटीतून आत जातात. एकदोन दिवसांत कड लाल होते, सुजते, ठणकू लागते आणि पुढे तिथे पू धरतो. हेच नखुरडे. ते मोठ्या माणसांनाही होते. पण तान्ह्या बाळांची आणि लहान मुलांची कातडी पातळ असते, बोटे सतत तोंडात असतात आणि नेमके काय दुखते ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागते.

बहुतेक नखुरडी वेळीच लक्ष दिले तर घरच्या शेकाने बरी होतात. ज्यांना डॉक्टरांची गरज आहे ती वेळेवर ओळखणे हे आईवडिलांचे खरे काम आहे, आणि त्यासाठी औषधाच्या कपाटापेक्षा चांगला उजेड आणि थोडा धीर जास्त उपयोगी पडतो.

नखुरडे होण्याची निमित्ते

इंदूरच्या हवेत ही निमित्ते ऋतूप्रमाणे बदलत राहतात. डिसेंबर-जानेवारीत माळव्याच्या कोरड्या थंडीने नखांजवळची कातडी तडकते, तिची सालपटे निघतात आणि मुले ती दातांनी किंवा दुसऱ्या हाताने ओढून काढतात; सालपट नेहमी जिवंत कातडीपर्यंत फाटत जाते आणि तिथेच जखम होते. पावसाळ्यात ओले मोजे आणि ओले बूट तासन्तास पायात राहिल्याने पायाच्या अंगठ्याची कड मऊ पडते. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग खेळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी मुलांचे हात सकाळपासून रंगाच्या पाण्यात असतात, आणि संध्याकाळी नखांत अडकलेला रंग काढण्यासाठी घरोघरी ब्रश, काडी, प्रसंगी सेफ्टी पिनसुद्धा बाहेर निघते. माझ्या मते रंगापेक्षा ही घासाघीसच जास्त नखुरडी करते. बाहेर पडण्यापूर्वी मुलांच्या नखांच्या कडांना खोबरेल तेल चोळावे आणि नंतर साबणाच्या पाण्याने जेवढा रंग निघेल तेवढाच काढावा. राहिलेला रंग रोजच्या आंघोळीत हळूहळू निघून जातो आणि नखात दिसणारी गुलाबी रेघ कोणालाही अपाय करत नाही.

अंगठा चोखणे आणि नखे कुरतडणे ही लहान मुलांमधली सगळ्यांत मोठी कारणे आहेत, कारण त्यांत कातडीही भिजते, जखमही होते आणि तोंडातले जंतूही थेट जखमेवर पोचतात. याच कारणासाठी बाळाची नखे मोठ्यांनी स्वतःच्या दातांनी कुरतडून काढण्याची जी पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, ती सोडून द्यावी. कात्रीची भीती वाटते म्हणून आई किंवा आजी हे प्रेमाने करतात, पण दाताने नख कापले जात नाही, ते फाटते, आणि फाटलेल्या कडेवर मोठ्यांच्या तोंडातले जंतू लागतात.

तान्ह्या बाळाच्या पायाचे अंगठे हा थोडा वेगळा विषय आहे. त्यांचे नख आखूड आणि मऊ असते, बाजूची कातडी गुबगुबीत असते आणि त्यामुळे नख मांसात रुतल्यासारखे दिसते. लाली, सूज किंवा दुखणे नसेल तर तो दोष समजू नये. नख वाढले की ते बहुधा आपोआप वर येते. मात्र पाय बंद असलेले घट्ट पायजमे आणि तोकडे पडलेले मोजे अंगठ्यावर दाब देतात आणि अशा नखाला नखुरडे करून ठेवतात, म्हणून बाळाची वाढ पाहून ते वेळोवेळी बदलावेत.

आधी बोट नीट पाहावे

मूल रडत असताना, संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात, ओट्यापाशी उभे राहून पाहिलेल्या बोटावरून काहीही ठरवू नये. बाळाला अंगावर पाजत असताना किंवा झोपल्यावर खिडकीजवळ न्यावे, मोबाइलचा दिवा बाजूने धरावा आणि दुसऱ्या हाताचे तेच बोट शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी. बोटात चांदीची किंवा सोन्याची अंगठी, मनगटात घट्ट वाळा किंवा काळा दोरा असेल तर सूज वाढण्यापूर्वीच काढून ठेवावा. सुजलेल्या बोटातली अंगठी नंतर कापून काढावी लागते. बारशाच्या अंगठ्या तान्ह्याच्या बोटात रोज ठेवण्यात तसाही काही अर्थ नाही, फोटोपुरत्या त्या घालाव्यात.

पहिली गोष्ट शोधायची ती केस किंवा धागा. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईचे केस पुष्कळ गळतात, आणि असा एखादा केस किंवा हातमोज्याच्या आतला सुटलेला दोरा बाळाच्या हाताच्या किंवा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळत जातो. बोटाचे टोक लाल होते, फुगते, पुढे निळसर पडते, आणि घरातले त्याला नखुरडे समजून हळद लावत बसतात. फरक असा की नखुरड्याची सूज नखाच्या एका बाजूला सुरू होते, तर केसाने आवळलेल्या बोटावर एक वर्तुळाकार खाच दिसते आणि खाचेच्या पुढचा सगळा भाग सारखाच सुजलेला असतो. सुजलेल्या मांसात रुतलेला केस डोळ्यांना दिसेलच असे नाही. तो सैल असून सहज उलगडत असेल तर उलगडावा. नाहीतर चिमटे-कात्रीने खटपट न करता त्याच क्षणी रुग्णालयात जावे, कारण बोटाचा रक्तपुरवठा थांबलेला असू शकतो. कारण न कळता एकसारखे रडणाऱ्या बाळाचे हातमोजे आणि पायमोजे काढून वीसही बोटे पाहण्याची सवय याचसाठी लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणीदार फोड. नखाजवळ पिवळट पू न दिसता स्वच्छ पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका दिसत असेल, बोट खूप दुखत असेल आणि त्याच सुमारास मुलाच्या हिरड्या सुजून तोंड आले असेल, तर तो बहुधा हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा संसर्ग असतो आणि अंगठा चोखताना तोंडातून बोटावर आलेला असतो. घरातल्या कोणाच्या ओठाच्या कडेला अशा पुळ्या उठल्या असतील तर त्यांच्याकडूनही तो येतो. हे फोड फोडू नयेत आणि ते कापूही नयेत. कापल्याने फायदा होत नाही, उलट संसर्ग पसरतो. जंतुनाशक मलमाचाही त्याच्यावर उपयोग नसतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. ओठावर पुळ्या असलेल्या पाहुण्यांनी बाळाचे मुके घेऊ नयेत, हे सांगताना संकोच बाळगू नये. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सूज नेमकी कुठे आहे. नखाच्या कडेला असलेली सूज हे नखुरडे. पण बोटाच्या पेराचा पुढचा मऊ भाग, ज्याने आपण चिमूट धरतो, तो टणक, ताणलेला आणि असह्य दुखणारा झाला असेल, तर पू बोटाच्या आतल्या कप्प्यांत साठत असतो. त्याचा दाब हाडापर्यंत पोचू शकतो आणि त्याला घरगुती शेक पुरत नाही.

आणि शेवटी पू. नखाच्या कडेखाली पिवळसर-पांढरा ठिपका दिसतो का, सूज बोटाने हलकेच दाबली तर ती टणक लागते की आत काही हलल्यासारखे वाटते, हे पाहावे. पू नसलेले, नुसते लाल आणि थोडे सुजलेले बोट असेल, मूल एरवी खेळत-जेवत असेल आणि ते दोन महिन्यांपेक्षा मोठे असेल, तर घरी शेक सुरू करायला हरकत नाही.

शेक कसा द्यावा

शेकाचे काम साधे आहे: उबेने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, कातडी मऊ पडते, ठणका कमी होतो आणि आत थोडासा पू असेल तर त्याला आपली वाट आपण सापडते. त्यासाठी पाणी कोमट असले की पुरे. मोठ्या माणसाच्या बोटांना जे पाणी ‘बरे गरम’ वाटते ते बाळाला भाजू शकते, म्हणून हात न घालता कोपर बुडवून पाहावे. कोपराला पाणी ना गरम ना गार वाटले की ते साधारण 37-38 अंश सेल्सिअस असते आणि तेवढेच हवे. गिझरचे पाणी थेट भांड्यात घेऊन त्यात मुलाचा हात कधीही घालू नये. आधी गार पाणी, मग गरम, मग ढवळणे आणि मग कोपर, हा क्रम घरात सगळ्यांना सांगून ठेवावा, विशेषतः शेक देण्याचे काम आळीपाळीने होणार असेल तर.

दर वेळी 10 ते 15 मिनिटे आणि दिवसातून तीन ते चार वेळा असा शेक द्यावा. पाणी गार होत आले की बदलावे, पण मुलाचा हात आत असताना त्यात गरम पाणी ओतू नये. मीठ घालायचे असेल तर चिमूटभर चालते. ते घातलेच पाहिजे असे नाही. डेटॉल किंवा सॅव्हलॉन मात्र घालू नये. ही द्रावणे तीव्र राहिली तर बाळाची कातडी जाळतात आणि मग लाली संसर्गाची की औषधाची हे डॉक्टरांनाही कळणे अवघड होते. शिवाय ते बोट पुन्हा तोंडात जाणारच असते.

दोनतीन वर्षांचे मूल 10 मिनिटे एका जागी बसणार नाही, हे गृहीत धरावे. वाटीपेक्षा रुंद पातेले घ्यावे, त्यात दोन-तीन चमचे किंवा प्लॅस्टिकची होडी सोडावी, खाली जुना टॉवेल पसरावा आणि मुलाला मांडीवर घेऊन पाण्यात खेळू द्यावे. दोन्ही हात बुडाले तरी बिघडत नाही. तान्ह्या बाळासाठी, म्हणजे डॉक्टरांनी शेक द्यायला सांगितला असेल तेव्हा, भांड्याऐवजी सुती मऊ कापडाची चौपदरी घडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, बोटाभोवती हलकेच धरावी आणि गार झाली की पुन्हा भिजवावी. कापड बोटाला बांधून ठेवू नये.

शेकानंतर बोट टिपून पूर्ण कोरडे करणे हा शेकाचाच भाग आहे, कारण ओले राहिलेले बोट पुन्हा मऊ पडते आणि सगळे मुसळ केरात जाते. चालत्या-खेळत्या मुलाच्या बोटाला धूळ लागू नये म्हणून जाळीच्या निर्जंतुक कापडाची सैल पट्टी करता येते. दीड-दोन वर्षांच्या आतल्या बाळाला चिकटपट्टी लावू नये. ती तोंडात जाऊन घशात अडकू शकते. पट्टी सैल असल्याची खूण म्हणजे बोटाचे टोक गुलाबी दिसते आणि दाबून सोडले की रंग लगेच परत येतो. ज्या घरी बाळाला रोज तेल लावायला बाई येतात, त्यांना ते बोट सोडून मालिश करायला सांगावे आणि आधी साबणाने हात धुवायला लावावेत.

असा शेक दोन दिवस नेमाने दिल्यावर लाली आणि ठणका उतरणीला लागला पाहिजे. तो उतरत नसेल किंवा मध्येच पू दिसू लागला, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

ज्या गोष्टी करू नयेत

पिकलेले नखुरडे सुईने टोचून पू काढण्याचा मोह घरातल्या एखाद्या धीट माणसाला हमखास होतो. सुई गॅसवर तापवली म्हणून ती निर्जंतुक होत असली तरी टोचणारा हात, खाटेवर तडफडणारे मूल आणि नखाखाली असलेला वाढीचा नाजूक भाग यांचा हिशेब त्यात नसतो. सुई खोल गेली तर संसर्ग पेराच्या आत जातो आणि नखाच्या मुळाला इजा झाली तर नख कायमचे वाकडे येऊ शकते. दाबून, पिळून पू काढण्यालाही हेच लागू आहे. शेक देताना पू आपणहून बाहेर आला तर मात्र स्वच्छ कापडाने टिपावा, कापड टाकून द्यावे, हात धुवावेत आणि शेक चालू ठेवावा.

लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवण्याचा उपाय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मोठ्या माणसाने तो स्वतःवर केला तर ज्याची त्याची मर्जी, पण उकललेल्या कातडीवर लिंबाचा रस झोंबतो आणि मूल त्यानंतर कोणालाही बोटाला हात लावू देत नाही. इतके नुकसानही पुरेसे आहे. चुना आणि गूळ, चुना आणि हळद हे लेप याहून वाईट, कारण चुना कातडी जाळतो, आणि हाच हात डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बिब्बा तर बाळाच्या आसपासही नसावा. त्याच्या तेलाने मोठ्यांच्या अंगावरसुद्धा फोड येतात. नुसत्या हळदीने फारसे बिघडत नाही, पण तिच्या पिवळ्या थराखाली लाली आणि पू दोन्ही झाकले जातात, म्हणून डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी तरी ती लावू नये.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. त्यांच्यापैकी अनेकांत जीवाणूविरोधी औषध, बुरशीविरोधी औषध आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज झटकन कमी होते, त्यामुळे मलम लागू पडले असे वाटते, पण आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. घरात मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब असेल तर ती बाळाच्या बोटाला लावू नये, आणि मोठ्या भावंडासाठी आणलेले अँटिबायोटिकचे उरलेले सिरपही देऊ नये.

दुखण्यासाठी काय द्यावे

ठणक्याने मूल झोपत नसेल तर पॅरासिटामॉल चालते. मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरवावी: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. इथे एक धोका नेहमीचा आहे. ड्रॉप्सच्या बाटलीत सहसा प्रत्येक मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम असते. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचे झाले तर ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर होतात, 250 च्या सिरपचे 3 मिलिलिटर आणि 120 च्या सिरपचे सव्वासहा मिलिलिटर. सिरपचे प्रमाण लक्षात ठेवून ड्रॉप्स तितकेच पाजले तर मात्रा दुप्पट ते चौपट होते. म्हणून दर वेळी लेबल वाचावे आणि बाटलीसोबत आलेली नळी किंवा माप दुसऱ्या बाटलीसाठी वापरू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही देऊ नये, कारण त्या वयात ताप झाकला जाणे धोक्याचे असते. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये.

डॉक्टरांकडे कधी, आणि किती घाईने

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे नखुरडे घरी हाताळू नये. बाळ हसतेखेळते असेल तरी त्याच दिवशी दाखवावे, आणि बाळ नीट पीत नसेल, मलूल पडले असेल, हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, मिनिटाला 60 किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल, काखेतले तापमान 37.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल किंवा उलट 35.5 च्या खाली उतरले असेल, तर तिथल्या तिथे रुग्णालय गाठावे. इतक्या लहान वयात कातडीतला संसर्ग रक्तात उतरायला वेळ लागत नाही, आणि थंडीच्या दिवसांत अंग गार पडणे हे तापाइतकेच गंभीर लक्षण आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत नखाखाली पू दिसणे, सूज दुसऱ्या पेरापर्यंत चढणे, बोट वाकवता न येणे आणि दोन दिवसांच्या शेकाने फरक न पडणे ही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. बोटापासून मनगटाकडे किंवा कोपराकडे लाल रेघ सरकताना दिसली, काखेत गाठ आली, ताप आला किंवा पेराचा पुढचा भाग टणक झाला तर रात्र असली तरी थांबू नये. मुलाला मधुमेह असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर साधे दिसणारे नखुरडेही लवकर दाखवावे.

इंदूरमध्ये बहुतेक कुटुंबांचे आपले बालरोगतज्ज्ञ ठरलेले असतात आणि साध्या नखुरड्यासाठी तेच योग्य. रात्री-अपरात्री किंवा खर्चाचा प्रश्न असेल तेव्हा महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एम.वाय., आणि त्याच आवारातले मुलांसाठीचे चाचा नेहरू बाल चिकित्सालय ही सरकारी ठिकाणे आहेत. वाहन नसेल तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जाताना मुलाचे वजन, लसीकरणाचे कार्ड, आतापर्यंत दिलेली औषधे आणि सूज कधी सुरू झाली ते एका कागदावर लिहून न्यावे. पहिल्या दिवशी बोटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर सूज वाढली की ओसरली हे डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात कळते. गंजलेल्या वस्तूने जखम झाली असेल तर तेही सांगावे, म्हणजे धनुर्वाताची लस पाहता येते.

तिथे काय होते याची कल्पना असली की भीती कमी होते. पू नसेल तर डॉक्टर बहुधा शेकच चालू ठेवायला सांगतात, सोबत मलम किंवा पोटातून अँटिबायोटिक देतात. अंगठा चोखणाऱ्या मुलासाठी तोंडातल्या जंतूंनाही लागू पडेल असे औषध निवडले जाते. पू साठला असेल तर बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन ते बधिर करतात आणि नखाची कड हलकेच उचलून किंवा बारीकशी चीर देऊन पूला वाट करून देतात. काम काही मिनिटांचे असते आणि पू निघाल्यावर ठणका लगेच ओसरतो. मग पुष्कळदा अँटिबायोटिकची गरजही उरत नाही. ते दिले असेल तर बोट बरे दिसू लागले म्हणून मध्येच बंद करू नये.

महिनोन्‌महिने रेंगाळणारे नखुरडे

सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेले नखुरडे हे वेगळे दुखणे समजावे. त्यात पू कमी आणि सूज जास्त असते, कड नखापासून सुटून गोलसर जाड होते, नखावर आडव्या वळ्या उमटतात आणि एकाहून अधिक बोटे सापडतात. सतत ओलावा आणि लाळेने होणारी आग हे त्याचे मूळ, आणि कँडिडा ही बुरशी नंतर त्यात घर करते. इथे बोट कोरडे ठेवणे हाच मुख्य उपचार असतो, आणि डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइडचे मलमही देऊ शकतात. स्वतः आणलेले मलम आणि तपासून दिलेले मलम यांत हाच फरक आहे. दर वेळी हात पुसल्यावर कडांना व्हॅसलीनचा पातळ थर लावला तर लाळेचा आणि पाण्याचा मारा कमी होतो. नखुरड्यांच्या जोडीला तोंडाभोवती आणि शीच्या जागी लालभडक चट्टे, वारंवार जुलाब आणि केस गळणे असे दिसत असेल तर जस्ताच्या कमतरतेचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी तपासणी हवी.

अंगठा चोखणे बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात. बोटाला मिरची लावणे किंवा चारचौघांत लाज काढणे यांनी सवय सुटत नाही. मिरचीचा हात डोळ्यांत मात्र जातो. झोपेची वेळ, कंटाळा, टीव्हीसमोर बसणे असे जे ठरलेले प्रसंग असतात, त्या वेळी हाताला दुसरे काम देणे अधिक फळते.

आणखी एक गोंधळ होतो. हात-पाय-तोंडाचा आजार होऊन गेलेल्या मुलाची नखे महिना-दोन महिन्यांनी मुळापासून सुटून गळू लागतात. त्यात लाली नसते, पू नसतो, दुखतही नाही. खालून नवे नख येत असते. त्याला नखुरडे समजून औषध करू नये.

नखे कापण्याची रीत

तान्ह्या बाळाच्या हाताची नखे लवकर वाढतात, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा किंवा दोनदा कापावी लागतात. पायाची महिन्यातून एकदोनदा पुरतात. काही घरांत बाळंतपणाचा सव्वा महिना होईपर्यंत बाळाच्या नखांना हात लावत नाहीत आणि तोपर्यंत हातमोजे घालून ठेवतात. हे पाळायचे असेल तर हातमोजे उलटे करून आतले दोरे कापून टाकावेत, रोज धुवावेत आणि दिवसातला बराच वेळ हात मोकळे ठेवावेत. त्या वयात नख कातडीला चिकटलेले असल्यामुळे बारीक कानशीने, म्हणजे नेलफाइलने, हळूच घासणे कापण्यापेक्षा सुरक्षित असते.

आंघोळीनंतर नखे मऊ असतात आणि बाळ पेंगुळलेले असते. ती वेळ साधावी. बाळाच्या आकाराचे नेलकटर किंवा गोल टोकाची कात्री घ्यावी, बोटाचा मऊ भाग आपल्या बोटाने खाली दाबून नखापासून दूर करावा आणि हाताचे नख बोटाच्या गोलाईप्रमाणे, पण पांढरी कड थोडी राखून कापावे. पायाचे नख सरळ कापावे, कोपरे खोल गोलवू नयेत, कारण वाढताना तेच मांसात शिरतात. सालपट दिसले तर ते ओढू नये, मुळाशी कात्रीने कापावे. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत असे आजी सांगत, त्यामागे काय समजूत असेल ती असो, बाळाच्या बाबतीत ते पाळावे, कारण दिव्याच्या उजेडात नख आणि कातडी यांतली रेघ दिसत नाही. शनिवारचे बंधन पाळणाऱ्यांनी शुक्रवारीच कापून टाकावीत. लांबलेले नख कुरतडायला मुलाला तेवढाच एक दिवस पुरतो.

कापताना कातडीला लागून रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावे, साध्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि पुढचे दोन दिवस त्या बोटावर नजर ठेवावी. नेलकटर घरात प्रत्येकाचे वेगळे असावे, आणि बाळाचे तर वेगळे असलेच पाहिजे. ते साबणाने धुऊन, पुसून, कोरड्या डबीत ठेवावे.